माळ्यावरची कार सीट

आमच्या घरात पाळणा एकच आहे. सागवानी, नवऱ्याच्या पणजोबांनी करून घेतलेला. त्यात सासरे वाढले, मग दीर आणि नवरा, मग पुतण्या, आणि मागच्या वर्षी बारशाला आमची चिऊ त्यात निजली. बाळाला पहिलं झबलं कुणाचं तरी वापरलेलंच घालायचं, ही आपली रीत मला मनापासून आवडते. त्यामुळे मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, "गाडीत चिऊला बसवायला नवी कार सीट कशाला घेतेस? आमची माळ्यावर तशीच पडून आहे," तेव्हा मला आधी आनंदच झाला.

त्यांनी ती जुन्या चादरीत नीट गुंडाळून ठेवली होती. कव्हर धुतलेलं, बक्कल चकचकीत. मी ती उलटी करून बघितली. खालच्या प्लॅस्टिकवर घड्याळाच्या तबकडीसारखा एक गोल शिक्का होता, मध्ये साल आणि महिन्याकडे रोखलेला बाण. सीट बनल्याचं साल होतं २०१३. मी विचारलं, "ताई, ही सीट गाडीत असताना कधी अपघात वगैरे?" तर म्हणाल्या, "एकदा खेड शिवापूरच्या टोलनाक्याजवळ मागून टेम्पोने ठोकलं होतं. डिकी पार आत गेली होती गं. पण देवाच्या कृपेने कुणाला काही झालं नाही, सीटला तर ओरखडासुद्धा नाही."

ती सीट मी घेतली नाही. त्यावरून घरात दोन दिवस अबोला होता, आणि म्हणूनच हे सविस्तर लिहितेय. 'नको' म्हणताना नेमकं काय सांगायचं हे मला तेव्हा नीट जमलं नव्हतं.

कार सीटचं काम हेल्मेटसारखं असतं. धडक बसली की आतला फोम दबतो, पट्टे ताणले जातात, प्लॅस्टिकचा सांगाडा वाकून जोर स्वतःवर घेतो. हे काम एकदाच करायचं असतं. मोठ्या धडकेनंतर सांगाड्यात केसाएवढी चीर गेली असेल तर ती कव्हरखाली कुणाला दिसणार? शिवाय आपली गाडी एप्रिल-मे महिन्यात दिवसभर उन्हात तापते, रात्री निवते, आणि असं वर्षानुवर्षं चालतं. प्लॅस्टिक हळूहळू ठिसूळ होतं. म्हणून बहुतेक कंपन्या सीटचं आयुष्य उत्पादनाच्या तारखेपासून सहा ते दहा वर्षं ठरवून देतात. विकत घेतल्यापासून नव्हे, बनल्यापासून. सख्ख्या बहिणीची तीन वर्षांपूर्वीची सीट, तिला एकही धडक बसलेली नाही आणि पुस्तिका जागेवर आहे, तर जरूर घ्या. जिचा इतिहास माहीत नाही अशी मात्र फुकट मिळाली तरी नको.

मग नवी घ्यायला गेलो. दुकानदार म्हणाला, "मॅडम, ही घ्या, झिरो ते बारा. एकदा घेतली की बारा वर्षं बघायला नको." आपल्याला टिकाऊ वस्तू आवडतात, मलाही आवडतात. पण त्या सीटच्या बाजूला छापलं होतं की मागे तोंड करून फक्त १३ किलोपर्यंत. शेजारची सीट 'बारा वर्षं' म्हणत नव्हती, पण ती मागे तोंड करून १८ किलोपर्यंत चालणार होती. माझं स्पष्ट मत आहे की कार सीट किती टिकेल हे विचारताना खरा प्रश्न एकच असतो: ती माझ्या बाळाला मागे तोंड करून किती दिवस बसवेल? शेवटची पाच-सहा वर्षं तर साधा बूस्टर, म्हणजे मुलाला उंच करणारी बैठक, पुरतो, आणि तो स्वस्तात मिळतो. पहिली चार वर्षं सोपी नसतात.

मागे तोंड का, हे समजायला बाळाचं डोकं बघा. नवजात बाळाच्या उंचीचा चौथा हिस्सा म्हणजे डोकं. मान कोवळी, मणके अजून पुरते हाडाचे झालेले नाहीत. समोर तोंड असेल तर धडकेत पट्टे धड धरून ठेवतात आणि एवढं जड डोकं पुढे फेकलं जातं. सगळा ताण मानेवर. मागे तोंड असेल तर डोकं, मान, पाठ एकत्र सीटच्या पाठीत दाबली जातात आणि जोर पसरतो. स्वीडनच्या बर्टिल आल्डमन यांना १९६० च्या दशकात ही कल्पना सुचली ती अंतराळवीर उड्डाणाच्या वेळी पाठीवर टेकून बसतात ते बघून. तिकडे आजही मुलं चार वर्षांची होईपर्यंत मागे तोंड करून बसतात. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१८ मध्ये वयाची अट काढून टाकली आणि सीटची वजन-उंचीची मर्यादा संपेपर्यंत मागेच तोंड ठेवा असं सांगितलं. 'पाय दुमडतात की हो तिचे' हे मला आठवड्यातून एकदा तरी ऐकावं लागतं. दुमडू देत. ती मांडी घालून मजेत बसते. पाय मोडला तर प्लास्टर घालता येतं, मानेचं तसं नाही.

आता मांडीचं. सासूबाई म्हणाल्या, "मी घट्ट धरते ना. तीन पोरं मांडीवरच वाढवली." त्यांच्या मायेबद्दल शंका घ्यायची माझी काय बिशाद. मी त्यांना एवढंच सांगितलं: चिऊ दहा किलोची आहे. गाडी ताशी ५० च्या वेगात आहे आणि अर्ध्या मीटरच्या आत थांबली, तर त्या क्षणी ती दोनशे किलोच्या जोराने पुढे ओढली जाईल. घर बांधताना त्यांनी सिमेंटची पोती मोजून घेतली होती. पन्नास किलोचं एक, अशी चार पोती. "आई, चार पोती एकदम मांडीवरून निसटली तर धराल?" त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. आपला आणि बाळाचा मिळून एकच बेल्ट लावणं तर त्याहून वाईट, कारण मग आपलंच वजन बाळाला बेल्टवर चिरडतं. चिऊचे पहिले तीन महिने मीही तिला मांडीवर घेऊन साताऱ्याला जात-येत होते. खंबाटकी घाटात सुद्धा. ते आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

कायदा म्हणाल तर तोही आहे. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्तीत कलम १९४-ब आलं: चौदा वर्षांखालचं मूल बेल्टशिवाय किंवा मुलांच्या सीटशिवाय गाडीत असेल तर हजार रुपये दंड. हा दंड भरलेलं कुणी मला आजवर भेटलेलं नाही, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

खरेदीत मी दोनदा फसता फसता वाचले. ऑनलाइन मागवलेल्या पहिल्या सीटच्या जाहिरातीत 'युरोपियन सर्टिफाइड' होतं, हातात आली तेव्हा लेबलच नव्हतं. परत केली. सीटवर नारिंगी लेबल हवं, त्यावर वर्तुळात इंग्रजी ई अक्षर आणि आकडा, आणि आर ४४ किंवा आर १२९ हा युरोपात चालणारा सुरक्षेचा नियम लिहिलेला. आपला भारतीय मानक म्हणजे एआयएस ०७२. मला निवड असेल तर मी आर १२९ घेईन: त्यात बाजूने बसणाऱ्या धडकेची चाचणी आहे, मापं उंचीवर आहेत आणि पंधरा महिन्यांपर्यंत मागे तोंड सक्तीचं आहे. युरोपात तर सप्टेंबर २०२४ पासून आर ४४ च्या सीट विकणंच बंद झालं. आपल्याकडे त्या अजून सर्रास मिळतात, आणि नीट बसवलेली आर ४४ सीटसुद्धा मांडीपेक्षा कितीतरी चांगली.

दुसरी सीट उत्तम होती, पण आमच्या छोट्या हॅचबॅकमध्ये मागे तोंड करून लावली की पुढची सीट एवढी सरकवावी लागे की नवऱ्याचे गुडघे डॅशबोर्डला. म्हणून सांगते, आधी गाडीत बसवून बघा, मग पैसे द्या. मागच्या सीटच्या पाठीच्या आणि बैठकीच्या फटीत बोटं घाला. लोखंडी दोन आडव्या पट्ट्या लागल्या तर तुमच्या गाडीत आयसोफिक्स, म्हणजे बेल्टशिवाय कार सीट थेट गाडीला अडकवायची सोय, आहे. नसेल तर बेल्टने बसणारी सीट घ्या, त्यात कमीपणा नाही. बसवल्यावर बेल्ट जिथून जातो तिथे धरून हलवा, इंचभरापेक्षा जास्त हलता कामा नये. पट्टे बाळाच्या खांद्यापाशी चिमटीत धरून बघा, चिमटीत आले तर सैल आहेत. जाड स्वेटर घालून बांधू नका, वरून शाल पांघरा. आणि पुढच्या सीटवर एअरबॅग चालू असताना मागे तोंड केलेली सीट कधीही नाही. त्या एअरबॅगचा फटका थेट बाळाच्या डोक्यामागे बसतो.

सीट जास्त दिवस चालावी म्हणून मी दोनच गोष्टी पाळते. गाडी उन्हात असेल तर सीटवर पांढरं मलमल टाकते; बक्कलचं लोखंड चटका देतं तेही त्याने वाचतं. आणि कव्हर मशीनला लावते, पण पट्टे कधी साबणात भिजवत नाही, ओल्या फडक्याने पुसते.

चिऊ पहिल्या दोन आठवड्यांत रडली. कर्वेनगर ते कोथरूड एवढ्या अंतरात घसा बसेपर्यंत रडायची. सगळ्यात कठीण हेच होतं, आणि बरीच घरं इथेच हार मानतात. मीही एकदा तिला बाहेर काढलं होतं, सिग्नलला. मग नियम केला की रडली तर गाडी बाजूला घ्यायची, थांबवायची, आणि मगच काढायचं. सासूबाई शेजारी बसून तिच्याशी बोलत राहायच्या, 'ये रे ये रे पावसा' म्हणायच्या. तिसऱ्या आठवड्यात ती स्वतःहून हात वर करून पट्टे घालून घ्यायला लागली. आता बक्कलचा 'कट' आवाज ऐकू आल्याशिवाय सासूबाई नवऱ्याला गाडी सुरू करू देत नाहीत.

आणि ती माळ्यावरची सीट. गेल्या दिवाळीच्या आवराआवरीत जाऊबाईंनीच ती खाली काढली. भंगारवाल्याला दिली तर तो पुसून पुन्हा कुणाला तरी विकेल, असं मी सहज बोलून गेले. त्या आत गेल्या, शिवणाची मोठी कात्री घेऊन आल्या, आणि पाचही पट्टे मुळापासून कापून मगच त्यांनी सीट दारात ठेवली.