सायबेरियाचं कुठंय?

परवा नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मधमेश्वर पक्षी अभयारण्यात एका काकांनी माझ्या दुर्बिणीच्या ट्रायपॉडला लाथ मारली. मुद्दाम नव्हे. म्हणूनच राग जास्त; धड भांडताही येईना.

इथे पक्षी बघायची खरी वेळ सकाळी सात ते नऊ. सूर्य पाठीशी घ्यायचा, नाहीतर समोरची सगळी बदकं काळीच. दहानंतर पाण्यावरची हवा थरथरते. तेव्हा दुर्बीण साठपटीला नेली की थरथर तेवढी मोठी दिसते, वीस-तीसवरच थांबावं. मी थापट्या बदकांच्या घोळक्यात भुवई बदक शोधत होतो. त्याचा नर ऐन हिवाळ्यातही मादीसारखा मळकट असतो, नावातली पांढरी भुवई गायब. चेहऱ्यावरचे गडद पट्टे बघायचे, नाहीतर तो पंख ताणेपर्यंत वाट पाहायची. पाऊण तास पाहिली.

"बघू का?" म्हणत काकांनी डोळा लावलासुद्धा.

"हे तर बदक आहे."

"हो."

"मग सायबेरियाचं कुठंय?"

मी पट्टकादंब दाखवले. डोक्यावर दोन काळे पट्टे, तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून आलेले.

"म्हणजे सायबेरियाचे नाहीत," काका हिरमुसले. जणू मीच स्वस्तातला माल दाखवला. "आणि ती घार?"

"दलदली भोवत्या. घारीची शेपूट दुभंगलेली असते. हा पंख वर उचलून इंग्रजी व्हीसारखा तरंगतो. तो आला की वारकरी पक्षी कसे एकमेकांना चिकटतात बघा."

"घारच की."

मग त्यांनी मोबाइल काढला, पुढे सरसावले (लाथ इथली) आणि दणादण टाळ्या पिटल्या. थापटे जागच्या जागी उसळले, वारकरी पाण्यावर धावत सुटले. "दोन तास बसलात, मी उडवून दाखवले!"

यात हसण्यासारखं काही नाही. परतीच्या प्रवासाची चरबी इथेच साठवायची असते. दर रविवारी प्रत्येकाने एकेक टाळी वाजवली तर खायचं कधी?

तेवढ्यात वरून बहिरी ससाणा दगडासारखा थव्यावर कोसळला. रिकाम्या पायांनीच वर गेला. मी ट्रायपॉड सावरत होतो. काकांचा व्हिडिओ चालू होता.

"मध्येच घार आली बघा," म्हणत त्यांनी तेवढा भाग कापून टाकला.