औषध शिरेतून नाही, थेट मूत्राशयात

मूत्राशयाचा कर्करोग लवकर सापडावा म्हणून, निळ्या उजेडात तो लाल चमकवणाऱ्या औषधावर मी लेख लिहिला होता. त्यावर तुमचे आक्षेप दोन. असं औषध घेतलं की रुग्णाला महिनाभर उजेडापासून लपावं लागतं. आणि नुसत्या सुजेलाही लाल चमक येते, मग लवकर निदान कसलं? दुसरा आक्षेप मला मान्य आहे. लेखात मी 'चमकलं की कर्करोग' असं लिहिलं होतं, ते चूक होतं. आता 'चमकलं तिथून बायोप्सी (तपासणीसाठी छोटा तुकडा) घ्यायची' अशी दुरुस्ती केली आहे.

पहिल्या आक्षेपात मात्र दोन औषधांची गल्लत झाली आहे. महिनाभराचं पथ्य पोर्फिमर सोडियमचं, म्हणजे कर्करोगावरच्या प्रकाशोपचारातल्या औषधाचं. ते शिरेतून देतात, अंगभर पसरतं आणि कातडीत रेंगाळतं. मूत्राशयासाठीचं हेक्झअमिनोलेव्हुलिनेट मुळात चमकतच नाही. पेशीत शिरल्यावर त्यापासून प्रोटोपॉर्फिरिन हे चमकणारं द्रव्य बनतं. निरोगी पेशी त्यात लोह बसवून त्याचं हीम (रक्ताला लाल रंग देणारं द्रव्य) करते. कर्करोगाच्या पेशीत ते साचतं आणि निळ्या उजेडात लाल दिसतं. औषध मूत्राशयातच सोडल्यामुळे रक्तात फार थोडं उतरतं.

म्हणूनच सगळी मदार ते नीट पोचण्यावर असते. १०० मिलिग्रॅम पूड ५० मिलिलिटर द्रावकात विरघळवतात. आधी कॅथेटरने (मूत्रमार्गातून घातलेल्या नळीने) मूत्राशय पूर्ण रिकामं करायचं. लघवी उरली तर द्रावण पातळ होतं. चांदीचा किंवा अँटिबायोटिकचा लेप असलेला कॅथेटर इथे चालत नाही. औषध तासभर आत राहू द्यायचं, मग मूत्राशय रिकामं करून अर्ध्या तासात दुर्बीण घालायची. औषध सोडल्यापासून तीन तासांच्या पुढे जायचं नाही.

आधी पांढऱ्या उजेडात सगळं मूत्राशय पाहायचं, मग निळ्यात. निळा उजेड एकाच जागी फार वेळ रोखला तर चमक विझत जाते. दुर्बीण तिरकी धरली तर निरोगी अस्तरही लालसर भासतं, म्हणून शंकास्पद जागा समोरून पाहायची. रक्तस्राव असेल तर नीट धुऊन घ्यावं लागतं, नाहीतर चमक झाकली जाते.

एवढा खटाटोप मुख्यतः 'कार्सिनोमा इन सिटू'साठी, म्हणजे अस्तरातच असलेल्या सपाट कर्करोगासाठी. पांढऱ्या उजेडात तो साध्या लालीसारखा दिसतो, कधी दिसतच नाही. गाठीसारखा वर आलेला नसल्यामुळे नजरेतून निसटतो, आणि स्वभावाने मात्र आक्रमक असतो. त्याच्यासाठी काही बायोप्सी फुकट गेल्या तरी मला तो सौदा पटतो.

सुजेमुळे होणारी फसगत बीसीजीनंतर (कर्करोगावर मूत्राशयात सोडतात ती लस) ९० दिवसांच्या आत जास्त होऊ शकते. तेव्हा बीसीजीचा शेवटचा डोस कधी झाला, ती तारीख डॉक्टरांना आधीच सांगा. पोर्फिरिया (शरीरात पोर्फिरिन साचण्याचा आजार) असेल तर हेक्झअमिनोलेव्हुलिनेट घ्यायचंच नाही.