सामनावीर त्या दिवसाचा हवा

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी मी दरवर्षी पहाटे पाचच्या आत उठून बसतो, कारण अमेरिकेत रविवारची संध्याकाळ असते आणि आपल्याकडे त्या वेळी सुपर बोल, म्हणजे एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगचा अंतिम सामना, सुरू होत असतो. एवढी वर्षे हा अंतिम सामना पाहिल्यानंतर माझे एक मत पक्के झाले आहे आणि ते आज सविस्तर मांडतो आहे. सुपर बोलचा सामनावीर निवडताना त्या दिवशी मैदानावर काय घडले यापेक्षा खेळाडूचे नाव आणि त्याची जागा यांना जास्त वजन मिळते. आजवरच्या पुरस्कारांपैकी निम्म्याहून जास्त क्वार्टरबॅकना मिळाले आहेत, आणि क्वार्टरबॅकच्या पुढे उभे राहून प्रतिस्पर्ध्यांची धडक छातीवर झेलणाऱ्या आक्रमक फळीतल्या एकाही खेळाडूला तो कधी मिळालेला नाही.

क्वार्टरबॅकच्या हातात प्रत्येक चालीत चेंडू येतो, तोच तो फेकतो किंवा दुसऱ्याच्या हाती देतो, त्यामुळे त्याचे महत्त्व मी नाकारत नाही. मात्र सुरुवातीच्या काळातच या पुरस्काराने एकदा वेगळी वाट धरली होती, हे विसरता कामा नये. पहिल्या चार सुपर बोलचे सामनावीर क्वार्टरबॅकच होते. पाचवा सामना १७ जानेवारी १९७१ रोजी मायामीत झाला. दोन्ही संघांनी मिळून अकरा वेळा चेंडू गमावला आणि अखेरची पाच सेकंद उरली असताना जिम ओब्रायनने ३२ यार्डांवरून मारलेल्या किकवर बाल्टिमोर कोल्ट्सने डॅलस काउबॉइजला १६-१३ असे हरवले. त्या दिवशी सामनावीर ठरला तो डॅलसचा लाइनबॅकर, म्हणजे बचाव करणारा खेळाडू, चक हाउली. त्याने प्रतिस्पर्ध्यांचे दोन पास मध्येच पकडले होते. हरलेल्या संघातल्या खेळाडूला हा मान मिळण्याची ती पहिली वेळ होती, आणि आजही ती एकमेव आहे. निवड करणाऱ्यांनी धावफलक आणि खेळाडू यांचा वेगवेगळा विचार केला, म्हणून ती निवड मला या पुरस्काराच्या इतिहासातली सर्वांत प्रामाणिक निवड वाटते.

आता ज्या सामन्यामुळे माझे हे मत बनले त्याकडे येतो. १ फेब्रुवारी २०१५, ॲरिझोनातले ग्लेंडेल, न्यू इंग्लंड पेट्रियट्स विरुद्ध सिएटल सीहॉक्स. माझा मावसभाऊ सिएटलजवळ राहतो, त्यामुळे त्या पहाटे माझा जीव सिएटलमध्ये अडकला होता. शेवटचे मिनिट उरले असताना न्यू इंग्लंड २८-२४ असे पुढे होते. सिएटलच्या जर्मेन कर्सने एक लांब पास झेलला. चेंडू बचाव करणाऱ्याच्या हाताला लागून उडाला, खाली पडलेल्या कर्सच्या पायांवर, हातांवर आपटत राहिला आणि शेवटी त्याच्या मुठीत आला. तो बचाव करणारा खेळाडू होता माल्कम बटलर. त्याने आपले काम अगदी चोख केले होते, तरीही चेंडू गोल रेषेपासून पाच यार्डांपर्यंत गेला होता. त्याच्या चेहऱ्यावर तेव्हा जे दिसले ते मला अजून आठवते.

पुढच्या चालीत सिएटलचा मार्शॉन लिंच चार यार्ड धावला आणि एक यार्ड बाकी राहिले. पेट्रियट्सचे प्रशिक्षक बिल बेलिचिक यांनी वेळ थांबवून घेतली नाही, घड्याळ धावत राहिले. त्यांनी एक जादा कॉर्नरबॅक, म्हणजे पास अडवणारा बचावपटू, मैदानात पाठवला, तो बटलर. सिएटलचे दोन खेळाडू उजवीकडे एकामागे एक उभे राहिले, पुढे कर्स आणि मागे रिकार्डो लॉकेट. या रचनेतला डाव असा असतो की पुढच्याने बचाव करणाऱ्याला अडवायचे आणि त्याच्या आडोशाने मागच्याने आत घुसून पास घ्यायचा. पेट्रियट्सच्या ब्रँडन ब्राउनरने कर्सला जागच्या जागी धरून ठेवले, त्यामुळे तो आडोसाच तयार झाला नाही. २६ सेकंद उरली असताना चेंडू सिएटलचा क्वार्टरबॅक रसेल विल्सनच्या हाती आला. बटलर एंड झोनमध्ये, म्हणजे गोल रेषेपलीकडच्या पट्ट्यात, दोन पावले मागे उभा होता. विल्सनचा हात वर जायच्या आधीच त्याने जागा सोडली, लॉकेटच्या आधी तो त्या जागी पोहोचला, खांद्याने त्याला बाजूला सारले आणि चेंडू छातीशी धरून गोल रेषेपाशी खाली पडला. सामना तिथेच संपला.

ही चाल सरावात त्याच्याविरुद्ध खेळली गेली होती, तेव्हा तो उशिरा पोहोचला होता आणि टचडाउन झाले होते, म्हणजे चेंडू एंड झोनमध्ये पोहोचून गुण गेले होते. त्याला बजावण्यात आले होते की हे पुन्हा दिसले तर आधीच पोहोचायला हवे. चूक झाली, ती ध्यानात राहिली आणि हजारोंच्या गर्जनेत, दोन खेळाडूंची उभे राहण्याची पद्धत पाहून अर्ध्या सेकंदात ती आठवली. माझ्या मते अंतिम सामन्यातला थोर खेळ तो हाच. हा माणूस त्या हंगामात नवखा होता. त्याला कोणत्याही संघाने निवडप्रक्रियेत घेतले नव्हते, वेस्ट अलाबामासारख्या छोट्या विद्यापीठातून तो चाचणी देऊन संघात आला होता. त्याआधी एका महाविद्यालयाच्या संघातून काढले गेल्यावर त्याने व्हिक्सबर्गमध्ये पोपाइजच्या चिकनच्या दुकानात काम केले होते. एनएफएलमधले त्याचे ते पहिलेच इंटरसेप्शन, म्हणजे मध्येच पकडलेला प्रतिस्पर्ध्याचा पास, होते.

सामनावीर मात्र पेट्रियट्सचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी ठरला. ब्रेडीवर अन्याय करण्याची माझी इच्छा नाही. चौथ्या क्वार्टरच्या सुरुवातीला संघ २४-१४ असा मागे असताना, त्या काळातल्या सर्वांत कडव्या बचावाविरुद्ध त्याने एकामागून एक दोन टचडाउन मिळवून दिले. त्याचे ५० पैकी ३७ पास पूर्ण झाले आणि चार टचडाउन झाले. पण त्याच्या हातूनही दोन पास प्रतिस्पर्ध्यांकडे गेले होते, आणि शेवटच्या मिनिटात तो बाकावर बसून पाहण्याखेरीज काहीही करू शकत नव्हता. पुरस्कारासोबत मिळालेला ट्रक ब्रेडीने बटलरला देऊन टाकला, यातच माझ्या म्हणण्याचा अर्धा पुरावा आहे असे मी समजतो. त्या सकाळी मावसभावाचा फोन आला, तो बराच वेळ काही बोललाच नाही, आणि मग त्याने एवढेच विचारले, “अरे, तो एकवीस नंबरचा मुलगा कोण?” सिएटलच्या बाजूच्या माणसाला पडलेला पहिला प्रश्न ब्रेडीबद्दलचा नव्हता.

दोन वर्षांनी ह्यूस्टनमध्ये तेच घडले. ५ फेब्रुवारी २०१७ रोजी पेट्रियट्स अटलांटा फाल्कन्सविरुद्ध २८-३ असे मागे पडले आणि अखेर ३४-२८ असे जिंकले. सुपर बोलच्या इतिहासात पहिल्यांदाच सामना जादा वेळेत गेला. ब्रेडीने ४६६ यार्डांचे पास दिले, त्यामुळे त्याला पुरस्कार मिळाला याचे मला नवल वाटले नाही. पण रनिंग बॅक, म्हणजे मुख्यतः चेंडू घेऊन धावणारा, जेम्स व्हाइटने १४ पास झेलले, तीन टचडाउन केले, एका टचडाउननंतरचे दोन जादा गुणही स्वतः चेंडू घेऊन मिळवले आणि जादा वेळेतला निर्णायक टचडाउन प्रतिस्पर्ध्यांच्या गर्दीतून, तोल जात असताना पुढे झुकून केला. एकूण २० गुण त्याचे एकट्याचे होते. व्हाइट हा त्या पुरस्काराचा हक्कदार होता असे खुद्द ब्रेडीनेच नंतर सांगितले.

याचा अर्थ क्वार्टरबॅकला हा मान मिळूच नये असा कोणी काढू नये, कारण अंतिम सामन्यात मला सर्वांत मोठा वाटणारा खेळ एका क्वार्टरबॅकचाच आहे. ३१ जानेवारी १९८८ रोजी सॅन दिएगोमध्ये वॉशिंग्टनकडून डग विल्यम्स उतरला, तेव्हा सुपर बोलमध्ये क्वार्टरबॅक म्हणून सुरुवात करणारा तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू होता. त्या काळी कृष्णवर्णीय खेळाडूला क्वार्टरबॅकच्या जागेवरून हटवून दुसरीकडे खेळवण्याची रीत सर्रास होती, कारण डोके चालवण्याचे काम त्याला झेपणार नाही असा समज होता. विल्यम्स ग्रॅम्बलिंग विद्यापीठात प्रशिक्षक एडी रॉबिन्सन यांच्या हाताखाली घडला. टॅम्पा बेचा संघ सोडल्यानंतर तो दुसऱ्या लीगमध्ये गेला, ती लीग बंद पडली आणि वॉशिंग्टनने त्याला राखीव खेळाडू म्हणून घेतले. सामन्याच्या आदल्या दिवशी त्याच्या दातावर रूट कॅनालचे उपचार झाले. पहिल्या क्वार्टरमध्ये पाय घसरून गुडघा दुखावला आणि त्याला बाहेर जावे लागले, तेव्हा प्रतिस्पर्धी डेन्व्हर १०-० असे पुढे होते.

दुसऱ्या क्वार्टरच्या सुरुवातीलाच तो परतला आणि रिकी सँडर्सला त्याने ८० यार्डांचा टचडाउन पास दिला. त्या एका क्वार्टरमध्ये वॉशिंग्टनने अवघ्या १८ चालींत ३५ गुण केले, त्यातले चार टचडाउन विल्यम्सच्या पासवर झाले. सामना ४२-१० असा संपला. दुखऱ्या गुडघ्यावर उभ्या असलेल्या त्या माणसाने पंधरा मिनिटांच्या खेळात एक जुना समज मोडीत काढला, आणि तो सामनावीर ठरला यात कोणाला शंका घ्यायला जागाच राहिली नाही.

मात्र त्याच सामन्याची चित्रफीत पुन्हा पाहायला मिळाली तर माझी एक विनंती आहे. चेंडूवरची नजर काढून वॉशिंग्टनच्या आक्रमक फळीकडे पाहा. त्या फळीला सगळे ‘हॉग्ज’ म्हणत आणि प्रशिक्षक ज्यो ब्यूगल यांनी ती घडवली होती. त्या दिवशी टिमी स्मिथ या नवख्या रनिंग बॅकने २०४ यार्ड धावून सुपर बोलचा विक्रम केला. नियमित हंगामात तो सगळे सामने मिळून १२६ यार्ड धावला होता, आणि पुढे त्याची कारकीर्द लवकरच संपली. मग हे २०४ यार्ड आले कुठून? वॉशिंग्टनची एक ठरलेली चाल होती. सगळे एका बाजूला निघाल्यासारखे दाखवायचे, आणि तेवढ्यात फळीतले दोन धिप्पाड खेळाडू आपली जागा सोडून उलट दिशेने धावत जायचे व वाटेत येणाऱ्याला आडवे करायचे. रनिंग बॅक त्यांच्या पाठीमागून त्या मोकळ्या जागेत शिरायचा. जेफ बॉस्टिक आणि ज्यो जॅकोबी यांच्यासारख्यांनी मध्ये आणि कडेला जी भगदाडे पाडली, त्यातून धावताना स्मिथच्या अंगाला कित्येक यार्ड कोणाचा हातही लागत नव्हता. पास देताना विल्यम्सचा दुखरा गुडघा सुरक्षित राहिला तोही त्यांच्यामुळेच. स्मिथचा आकडा विक्रमांच्या यादीत आहे. या फळीचा आकडा कुठेच नाही, कारण त्यांच्या कामाचा आकडा लिहिण्याची पद्धतच नाही.

त्याच मैदानावर दहा वर्षांनी, २५ जानेवारी १९९८ रोजी, डेन्व्हरचा रनिंग बॅक टेरेल डेव्हिसने केलेली एक चालही अशीच नोंदीबाहेरची आहे. मायग्रेनमुळे त्याला दिसेनासे झाले होते. चेंडू गोल रेषेपासून एका यार्डावर होता. प्रशिक्षक माइक शॅनहन यांनी त्याला सांगितले की तुला काही दिसण्याची गरज नाही, पण तू मैदानात नसलास तर आपण धावणार आहोत यावर समोरच्यांचा विश्वास बसणार नाही. डेव्हिस गेला, चेंडू मिळाल्याचे भासवत गर्दीत घुसला, प्रतिस्पर्धी ग्रीन बेचा बचाव त्याच्यावर तुटून पडला आणि डेन्व्हरचा क्वार्टरबॅक जॉन एल्वे चेंडू घेऊन दुसऱ्या बाजूने मोकळा आत गेला. पुढे डेव्हिस १५७ यार्ड आणि तीन टचडाउन करून सामनावीर ठरला, ते योग्यच झाले. पण त्या चालीत त्याच्या नावावर शून्य यार्ड आहेत.

म्हणून माझी मागणी अशी आहे की या पुरस्कारासाठी मत देणाऱ्या पत्रकारांनी आणि घरून मत देणाऱ्या प्रेक्षकांनी आकड्यांचा तक्ता उघडण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारावा: आज हा खेळाडू नसता तर सामना कुठे फिरला असता? २०१५ मध्ये हा प्रश्न विचारला गेला असता तर उत्तर बटलर असे आले असते. चक हाउलीला हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे महान खेळाडूंच्या सन्मानयादीत, जागा मिळायला २०२३ साल उजाडले, म्हणजे त्या मायामीच्या सामन्याला ५२ वर्षे झाली होती. बटलरच्या त्या २६ सेकंदांना कोणी इतका काळ ताटकळत ठेवू नये.