४४ नंबर देतो, मेंडोझा द्या!

मॉक ड्राफ्टच्या, म्हणजे एनएफएलच्या (अमेरिकन फुटबॉल लीगच्या) २०२६ च्या ड्राफ्टमध्ये कुठली टीम कॉलेजचा कुठला खेळाडू घेईल या अंदाजाच्या, पीडीएफवर कुणी ‘फायनल’ असं लिहितं का? हा फेब्रुवारी २०२६; इंडियानापोलिसचा कंबाइन (ड्राफ्टआधीची शारीरिक चाचणी) अजून व्हायचाय, फ्री एजन्सी (करार संपलेल्या खेळाडूंचा बाजार) उघडलेली नाही, आपल्याच अर्ध्या टीमचे करार संपत आलेत, आणि काल रात्री साडेअकराला फोनवर सात राउंडचा मॉक येऊन आदळला. वर हिरवं हेल्मेट, खाली ठळक अक्षरांत ‘फायनल’. अरे दादा, आपल्या न्यूयॉर्क जेट्सच्या जीएमचाही (खेळाडू निवडणाऱ्या जनरल मॅनेजरचाही) फायनल झालेला नाही, तुझा कसा झाला?

बरं, पहिल्याच ओळीत काय? जेट्स आपला २ नंबर (दुसरा पिक, म्हणजे दुसऱ्या क्रमांकाने निवडायचा हक्क) आणि क्विनन विल्यम्सच्या बदल्यात काऊबॉइजकडून आलेला ४४ नंबर रेडर्सना देणार, त्यांच्याकडून १ नंबर घेणार आणि क्यूबी (क्वार्टरबॅक, बॉल फेकणारा मुख्य खेळाडू) फर्नांडो मेंडोझा उचलणार. रेडर्स तयार झाले म्हणे. कुठले रेडर्स? कॉम्प्युटरवरच्या ड्राफ्ट सिम्युलेटरमधले! बटण दाबलं, हिरवी खूण आली, झाला व्यवहार. त्याखाली हिशोब, तोही वर तोंड करून: कोच जिमी जॉन्सनच्या चार्टमध्ये (प्रत्येक नंबरची किंमत पॉइंटमध्ये) १ नंबरचे ३००० पॉइंट, २ नंबरचे २६००, फरक ४००. ४४ नंबरचे ४६०. ‘म्हणजे आपणच ६० पॉइंट जास्त देतोय, रेडर्स खूश होतील.’

खूश होतील! लास वेगासला मिठाई वाटतील.

तो चार्ट नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला डॅलसमध्ये बनला. तेव्हा रूकीच्या (नव्या खेळाडूच्या) पगाराला आजच्यासारखी चौकट नव्हती. ती आली लीग आणि खेळाडूंच्या २०११ च्या करारात. त्याआधी, २०१० मध्ये, पहिल्या नंबरच्या सॅम ब्रॅडफर्डला ७.८ कोटी डॉलरचा करार मिळाला होता आणि त्यातले ५ कोटी पक्के. आता पहिल्या राउंडचा क्यूबी चार वर्षं ठरलेल्या पगारात मिळतो, वर पाचव्या वर्षाचा ऑप्शन टीमच्या हातात. चांगला निघाला तर उरलेला सगळा पैसा ओ-लाइनवर (क्यूबीला वाचवणाऱ्या फळीवर) आणि डिफेन्सवर ओतता येतो. म्हणून वरचे नंबर क्यूबीसाठी हवे असले की चार्ट गुंडाळून ठेवायचा असतो. मंडईत हापूसची एकच पेटी उरली असेल तर भाव पाटीवर बघत नाहीत, विकणाऱ्याच्या तोंडाकडे बघतात.

उदाहरणं हवीत? २०१७ ला बेअर्सनी ३ वरून २ वर यायला, फक्त एका जागेसाठी, ६७ आणि १११ नंबर दिले, शिवाय पुढच्या वर्षीचा तिसऱ्या राउंडचा पिक. कुणासाठी, तर क्यूबी ट्रुबिस्कीसाठी. आणि ती जागा ज्यांनी विकली त्या फोर्टीनाइनर्सना तिथे क्यूबी नकोच होता. २०२३ ला पँथर्सनी ९ वरून १ वर यायला ९ आणि ६१ दिले, २०२४ चा पहिला राउंड दिला, २०२५ चा दुसरा दिला, वर डीजे मूरसारखा रिसीव्हर दिला. त्या २०२४ च्या पिकचाच पुढे पहिला नंबर झाला आणि बेअर्सनी त्यावर क्यूबी केलेब विल्यम्स घेतला. आणि लांब कशाला जायचं, आपलाच २०१८ चा, क्यूबी सॅम डार्नल्डसाठीचा व्यवहार घ्या. ६ वरून ३ वर यायला कोल्ट्सना ६, ३७, ४९ आणि २०१९ चा दुसऱ्या राउंडचा पिक. चार्टवर मांडा: १६०० अधिक ५३० अधिक ४१०, झाले २५४०. मिळालेल्या ३ नंबरचे २२००. म्हणजे पुढच्या वर्षीचा पिक न मोजताच ३४० पॉइंट वरून दिले. कोल्ट्सनी त्यातून क्वेंटन नेल्सन आणि ब्रेडन स्मिथ घेतले आणि ओ-लाइनचा प्रश्न काही वर्षांसाठी मिटवून टाकला.

आणि त्या वेळी कोल्ट्सकडे अँड्र्यू लक होता, त्यांना क्यूबी नको होता! आत्ता रेडर्सना क्यूबीच हवाय. २०२५ ला त्यांच्याकडे कोण खेळत होता? जीनो स्मिथ. आपलाच, २०१३ चा दुसऱ्या राउंडचा. हा माणूस ज्यांनी सीझनभर बघितला, ते ४४ नंबरसाठी मेंडोझा सोडतील? रात्रभर उभं करून विचारलं तरी सोडणार नाहीत.

यात सगळ्यात जास्त काय जळतं सांगू? आपणही ३-१४ (३ जिंकले, १४ हरले), रेडर्सही ३-१४. बरोबरी झाली की वेळापत्रक कुणाचं किती अवघड होतं ते बघतात, आणि ज्याचं सोपं तो वर जातो. म्हणजे हरण्यातसुद्धा आपण दुसरे. त्यात ओरेगनचा क्यूबी डांटे मूर कॉलेजला परत गेला, म्हणजे २ नंबरवर घेण्यासारखा क्यूबीच शिल्लक नाही. बेंगाल्सला ३९-३८ ने हरवलं तेव्हा नाचणारे आता विचारतात, ‘कशाला जिंकलो?’ हीच मंडळी डिसेंबर २०२० ला होती. ०-१३ वर असताना रॅम्सना २३-२० ने हरवलं, पहिला नंबर हुकला, क्यूबी ट्रेव्हर लॉरेन्स जॅक्सनव्हिलला गेला आणि आपल्या पदरात झॅक विल्सन. तेव्हा याच लोकांनी विल्सनच्या कॉलेजच्या, बीवाययूच्या, प्रो डेचा (स्काउटसमोरच्या सरावाचा) तो एक थ्रो शंभर वेळा फॉरवर्ड केला होता, डावीकडे पळत पळत अंगावरून लांब टाकलेला. समोर डिफेन्स नाही, पास रश नाही, चड्डी-टीशर्टवर थ्रो! २०२० ला कोविडमुळे बीवाययूचं वेळापत्रक किती किरकोळ होतं, ते तेव्हा कुणी काढलं नाही.

मॉकचं पुढचं वाचवत नव्हतं, पण वाचलं. २०२५ च्या अख्ख्या सीझनमध्ये आपल्या डिफेन्सने एकही इंटरसेप्शन (समोरच्याचा पास मधेच झेलणं) केलं नाही. शून्य. एनएफएलच्या इतिहासात असं कुणालाच जमलं नव्हतं. आपला कॉर्नर (समोरच्याचे पास अडवणारा) सॉस गार्डनर नोव्हेंबरमध्ये कोल्ट्सला देऊन झाला. आणि या फायनल मॉकमध्ये पहिला कॉर्नर कधी? पाचव्या राउंडला! कारण विचारलं तर म्हणे ‘बोर्ड तसा पडला’. बोर्ड पडत नाही रे, सिम्युलेटरची फुकट आवृत्ती असली की बाकीच्या टीम एकाच ठराविक यादीतून वरून खाली घेत जातात, म्हणून तुला प्रत्येक राउंडला ‘स्टील’ (स्वस्तात मिळालेला हिरा) सापडतो. खऱ्या ड्राफ्टमध्ये प्रत्येक टीमची यादी वेगळी, तिथे डॉक्टरांनी गुडघा बघून खोडलेली नावं वेगळी. ती तुला-मला कधीच दिसत नाहीत. तिसऱ्या राउंडला कुणी घसरत आला तर आधी विचारायचं असतं, की एकतीस टीमनी याला का सोडला.

मग सुरू होतो ‘सेफ पिक’वाल्यांचा जथा. २ नंबरवर एज रशर (कडेने क्यूबीवर धावून जाणारा) घ्या, एज रशर कधी फसत नाही. अच्छा? व्हर्नन गोल्स्टन. २००८, सहावा नंबर. कंबाइनला २२५ पौंड ३७ वेळा उचललं, अंग असं की पुतळा करावा. जेट्सकडे तीन सीझन, सॅक (क्यूबीला बॉलसकट पाडणं) शून्य. एकदाही चुकून क्यूबी त्याच्या अंगावर पडला नाही. तोही ओहायो स्टेटचा, आणि यंदा ज्याचं नाव घेतायत तो आर्वेल रीसही ओहायो स्टेटचा. यात रीसचा काही दोष नाही, मुलगा चांगला आहे, पण जेट्सच्या माणसाला ही दोन नावं एका दमात ऐकवू नयेत. दुसरीकडे मायामीच्या रूबेन बेनचे हात आखूड आहेत यावर तीन-तीन दिवस भांडणं. हात आखूड असले की टॅकल (ओ-लाइनच्या कडेला रशरला अडवणारा) आधी छातीवर हात लावतो आणि रशरला टप्प्याबाहेर ठेवतो, इथपर्यंत कबूल. पण मग कॉलेजमध्ये मोठमोठ्या टॅकल्सना त्याने मागे ढकललं ते टेप बघा की! टेप बघायला वेळ नाही, फूटपट्टी मात्र हातात तयार.

शारीरिक मापांवर भाळायचं तर २०२० आठवा. चार टॅकल वरच्या रांगेत होते. ११ नंबरला आपण मेखाय बेक्टन घेतला, ३६४ पौंडांचा माणूस ४० यार्ड ५.१० सेकंदांत पळाला म्हणून सगळे तोंडात बोट घालून बसले होते. दोन नंबर खाली टँपाने ट्रिस्टन वर्फ्स नेला आणि पहिल्याच वर्षी त्याच्यासकट सुपर बोल नेला. बेक्टनचा गुडघा गेला, मग फिलाडेल्फियाने त्याला गार्डला (टॅकलच्या आतल्या जागेवर) उभं केलं आणि त्यालाही सुपर बोलची अंगठी मिळाली. आपल्याकडून जाणाऱ्याला अंगठी मिळते, ही एक सोय मात्र आहे. डार्नल्डचं तर विचारूच नका, तो सिएटलकडून सुपर बोल जिंकला. न्यू जर्सीत एडिसनकडे शिवजयंतीच्या कार्यक्रमात स्टेजवर पोवाडा चाललेला आणि मागच्या रांगेत दोन काका सिएटलच्या सुपर बोलवरून एकमेकांच्या अंगावर धावून जायचे बाकी. एक म्हणतो ‘मी तेव्हाच सांगत होतो, डार्नल्डला ठेवा’, दुसरा म्हणतो ‘२०१८ ला जॉश ॲलन घ्यायला हवा होता’. शाहीर अफझलखानापर्यंत पोचला, हे दोघे अजून जेट्सचा जुना कोच ॲडम गेस याच्यातच अडकलेले.

आणि गेसचं नाव निघालं की खरा मुद्दा निघतो, पण त्यावर कुणी बोलणार नाही. डार्नल्ड आला कोच बोल्सच्या हाताखाली. बोल्स डिफेन्सचा माणूस, वर्षभरात हाकलला. मग गेस, नवी प्लेबुक, दोन वर्षांत तोही गेला. विल्सन आला कोच सालेच्या हाताखाली, तोही डिफेन्सचाच. ऑफेन्स आधी लाफ्लरकडे, मग हॅकेटकडे. २०१९ ला तर कहर, जीएमने फ्री एजन्सीत पैसा उधळला, एप्रिलमध्ये ड्राफ्ट केला, आणि मे महिन्यात त्याला नारळ दिला. म्हणजे पोरं निवडणारा एक, वाढवणारा दुसरा, आणि तिसरा आला की म्हणतो ‘हा माझ्या सिस्टीमचा नाही’. पोराला तीन वर्षांत दोन-तीन वेगळ्या भाषांत प्ले पाठ करायला लावायचे, समोर गळकी ओ-लाइन, आणि मग ‘बस्ट’ म्हणून शिक्का. क्यूबी हॅकेनबर्गवर तर तीही वेळ आली नाही. २०१६ ला ५१ नंबरला घेतला आणि रेग्युलर सीझनचा एक स्नॅप (एक चालही) खेळवला नाही. त्याच ड्राफ्टला चौथ्या राउंडमध्ये, १३५ नंबरला, क्यूबी डॅक प्रेस्कॉट पडून होता.

हे सगळं टाइप करताना लक्षात येतंय की रात्रीचा दीड वाजलाय, सकाळी ऑफिसची स्टँडअप मीटिंग आहे, आणि बाजूच्या विंडोत माझी स्वतःची एक्सेल उघडी आहे: आठ रकाने, दोन रंग, तिसऱ्या राउंडच्या सेंटरसाठी वेगळी शीट. मुलाच्या शाळेची फी भरायची तारीख मला बायकोला विचारावी लागते, पण वर्फ्स, बेक्टन आणि विल्स यांचे नंबर झोपेत सांगेन. रागावायचा अधिकार कितपत आहे, हा प्रश्न सध्या बाजूला ठेवू.

तरी १९८३ चा ड्राफ्ट काढणाऱ्यांना माफी नाही. ‘२४ ला क्यूबी केन ओब्रायन घेतला, २७ ला मरीनो डॉल्फिन्सना गेला’ हे सांगणाऱ्याचं वय तेव्हा चार होतं आणि तो मुलुंडला राहत होता. उलट १९९५ काढा, तो तरी चाहत्यांच्या बाजूचा पुरावा आहे. गॅलरी ‘वी वाँट सॅप’ म्हणून बोंबलत होती, टीमने टाइट एंड घेतला, काइल ब्रेडी, आणि वॉरन सॅप पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेला. म्हणजे गॅलरी कधीकधी बरोबर असते. पीडीएफवाल्यांनी लगेच हुरळून जाऊ नये.

शेवटी १६ नंबर. सॉस देऊन आणलेला तो पिक, दोन वेळच्या ऑल-प्रो कॉर्नरच्या बदल्यातला, आणि फायनल मॉकमध्ये त्यावर कोण? रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारा)! कारण आपला रनिंग बॅक ब्रीस हॉल याचा करार संपतोय. अरे, ब्रीस हॉल स्वतः ३६ नंबरला मिळाला होता, दुसऱ्या राउंडला! फशानू आणि मेंबू असे दोन टॅकल लागोपाठ दोन वर्षं पहिल्या राउंडला घेऊन झालेत, आता आत गार्ड बसवा, एक कॉर्नर घ्या, आणि २०२७ चे तीन पहिल्या राउंडचे पिक कुणी हात लावू नये म्हणून कुलपात ठेवा. रनिंग बॅक ३३ ला बघू. नाही मिळाला तर चौथ्या राउंडला बघू. आणि कुणाला तो १६ ला हवाच असेल, तर त्याने आधी मला हे सांगावं, की थर्ड डाउनला (तिसऱ्या प्रयत्नाला) अजून १२ यार्ड हवे असताना तो बॉल नेमका कुणाकडे देणार आहे.