चिठ्ठीशिवाय ट्यूब का दिली नाही: ताईंच्या रिव्ह्यूला उत्तर

ताई, नमस्कार. चिकनगुनियानंतर नाक काळं पडलंय, केस मुठीनं गळताहेत, आणि शेजारणीला लागू पडलेली ट्यूब मागितली तर आमच्या मेडिकलच्या काउंटरवरच्या मुलानं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय दिली नाही, वर उपदेश केला, म्हणून तुम्ही एक स्टार दिलात. त्यानं नकार दिला तो माझ्या सांगण्यावरून. उद्या आलात तरी तोच मिळेल.

त्या ट्यूबमध्ये हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन असतं. यातलं शेवटचं स्टेरॉइड. सुरुवातीला चेहरा उजळतो, म्हणून ती घरोघर फिरते. मनानंच लावत राहिलं की पुढे कातडी पातळ होते, लाल शिरा दिसतात, मुरमं येतात, लव वाढते आणि लावणं थांबवलं की चेहऱ्याची आग होते. आपल्या इंदूरच्या रामबागेतच असे चेहरे घेऊन मुली दुकानात येतात, फार वाईट वाटतं. २०१८ पासून अशा स्टेरॉइड मलमांना कायद्यानं चिठ्ठी लागते. कायदा नसता तरी मी दिली नसती.

चिकनगुनियानंतरचा नाकावरचा काळेपणा डॉक्टरांच्या चांगल्या ओळखीचा आहे. बहुतेकांचा तो काही महिन्यांत फिका होतो. तोवर ऊन टाळा, सनस्क्रीन लावा, लिंबू चोळू नका.

केसांचं असं, की जोराच्या तापानं पुष्कळ केसांची वाढ एकदम थांबते आणि ते दोन-तीन महिन्यांनी गळतात. तोवर ताप विसरलेला असतो, मग दोष जातो शाम्पूला नाहीतर बोअरिंगच्या पाण्याला. मुळं शाबूत असतात, गळती साधारण सहा महिन्यांत थांबते. पण केस महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे वेणी पूर्वीसारखी व्हायला वर्षाच्या वर लागेल. चाई पडली किंवा गळती थांबलीच नाही, तर डॉक्टरांना दाखवा. ते बहुधा थायरॉइड आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासायला सांगतील.

‘दुसऱ्या दुकानात लगेच मिळाली’ असं तुम्ही लिहिलंय, त्याची मला स्टारपेक्षा जास्त काळजी वाटते. लावायला लागला असाल तर ट्यूब घेऊनच त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. एमवाय या सरकारी हॉस्पिटलमध्येही त्वचारोगाची ओपीडी आहे. बरेच दिवस लावली असेल तर ती कशी सोडायची हे त्यांनाच विचारा. ते लिहून देतील ते औषध मग कुठूनही घ्या.