पंपावरचे लिटर आणि घाटातला धूर : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

निपाणी-बेळगाव महामार्गावरील वाहनांच्या धुराविषयीच्या माझ्या लेखावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत : पंपांवरची डिझेलविक्री कळत असताना सेकंदागणिक वेगावरून इंधनाचा हिशेब मांडणे हा निष्कारण खटाटोप आहे, आणि याच महामार्गावरच्या तवंदी घाटासाठी मी सरासरी वेग धरला, पण चढ धरलाच नाही. दुसरा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे आणि चूक लहान नाही. २५ टनांचा भरलेला ट्रक १०० मीटर उंच चढवायला साधारण २४.५ मेगाज्यूल ऊर्जा लागते. लिटरभर डिझेलमध्ये सुमारे ३६ मेगाज्यूल असतात आणि इंजिन त्यातले ४० टक्के कामी लावते असे धरले, तर नुसत्या उंचीपायी १.७ लिटर डिझेल जळते. उतरताना ही सगळी ऊर्जा परत मिळत नाही, बरीचशी ब्रेक तापवण्यातच जाते. लेखातले आकडे मी दुरुस्त करीत आहे.

पहिल्या आक्षेपातही तथ्य आहे. लिटरभर डिझेल कोणीही, कुठेही जाळले तरी सुमारे २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, त्यामुळे देशभराच्या बेरजेला विक्रीचा आकडाच अधिक भरवशाचा. पण आपण सीमेवर राहतो. दोन राज्यांच्या दरांत फरक पडला की ड्रायव्हर स्वस्त बाजूला टाकी फुल्ल करतात. निपाणी तालुक्यातल्या कोगनोळीजवळ भरलेले डिझेल साताऱ्यापुढे जळते, आणि त्याचा धूर मात्र आपण निपाणीच्या नावावर मांडतो.

शिवाय ते कसे जळले, हे पावतीवरून कळत नाही. गेल्या गळीत हंगामात ओळखीच्या एका ड्रायव्हरशेजारी बसून मी मोबाइलवर वेग नोंदवत होतो. संकेश्वरच्या अलीकडे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर पुढे आला आणि आमची गाडी थांबत, सुटत, पुन्हा थांबत राहिली. असा २५ टनांचा ट्रक थांबल्यावर पुन्हा ताशी ३६ किलोमीटरवर आणायला सव्वा मेगाज्यूल, म्हणजे जवळजवळ चहाच्या कपाएवढे डिझेल, दर वेळी लागते. सरासरी वेगाच्या सूत्रात ते दिसतच नाही. धुरातल्या घातक नायट्रोजन ऑक्साइडचे तर लिटरशी सरळ प्रमाणही नसते. बीएस-६ या प्रदूषण मानकाच्या ट्रकमधली युरियावर चालणारी शुद्धीकरण यंत्रणा पुरेशी तापल्याशिवाय नीट काम करीत नाही, आणि रांगेत रेंगाळणाऱ्या गाडीत ती थंडावते.

आपण स्वतःच्या ट्रकची डिझेलची वही देऊ केली आहे, ती मला अवश्य हवी आहे. फक्त लिटर आणि किलोमीटरशेजारी काट्यावरचे वजन आणि घाटाचा फेरा कोणता, एवढे लिहून ठेवावे, म्हणजे चढाचा हिशेब मला आपल्याच नोंदींवर ताडून पाहता येईल.