म्हणे मेकॅनिकलमध्ये रिसर्चला काही उरलंच नाही!

तो मेसेज तुमच्याकडेही आला असेल. मेकॅनिकल इंजिनिअरिंगचं सगळं शंभर वर्षांपूर्वीच शोधून झालंय, डिपार्टमेंटच्या लॅबमध्ये जुनी मशिनं धूळ खातायत, आणि आता सगळं सिम्युलेशनवर होतं तर लॅब हवी कशाला, असं त्यात छातीठोकपणे लिहिलंय. चौथ्यांदा आला तेव्हा राहवेना.

"सगळं शोधून झालंय." असं का? पाइपातलं पाणी सरळ वाहता वाहता मध्येच कसं खवळतं ते ऑस्बोर्न रेनॉल्ड्सनं १८८३ मध्ये रंगाची धार सोडून दाखवलं. ते खवळणं म्हणजे टर्ब्युलन्स, तो अजून पुरता हाती लागलेला नाही. पाणी-हवेच्या वाहण्याच्या ज्या नेव्हिअर-स्टोक्स समीकरणांवर हे सगळं चालतं, त्यांची उत्तरं कायम नीट वागतात की कुठेतरी फुटतात, एवढं सिद्ध करायला २००० साली १० लाख डॉलरचं बक्षीस जाहीर झालंय, ते तसंच पडून आहे.

"जुनी मशिनं." काही ठिकाणी खरंच कुलूपबंद असतात, मान्य. पण फटीगच्या, म्हणजे पुन्हा पुन्हा लोड देऊन धातू कधी तुटतो ते बघणाऱ्या लॅबमध्ये जाऊन बघा. तिथलं गोल फिरवत वाकवणारं मशिन म्हणजे जर्मन इंजिनिअर व्होलरनं एकोणिसाव्या शतकात रेल्वेच्या अ‍ॅक्सलसाठी बनवलं त्याच जातीचं. आणि आम्हाला शिकवलं काय, तर स्टील १ कोटी सायकल (लोडचे हेलकावे) टिकलं की त्या लोडला कधीच तुटत नाही! आता १०० कोटी सायकलपर्यंत टेस्ट होतात आणि जे "कधीच" तुटणार नव्हतं ते तुटतं. सेकंदाला ५० फेऱ्यांच्या मशिनवर याला २३१ दिवस लागतील म्हणून २० किलोहर्ट्झचं अल्ट्रासॉनिक मशिन वापरतात, तिथे तेच साधारण १४ तासांत (मध्ये नमुना थंड करायला थांबावं लागतं तो वेळ वेगळा). तुटलेला तुकडा मायक्रोस्कोपखाली धरला की बऱ्याचदा माशाच्या डोळ्यासारखा एक गोल दिसतो आणि मधोमध बारीकसा कण, स्टील बनतानाच आत अडकलेला. म्हणजे वरून सगळं चकचकीत आणि भेग आतून चाललेली. कुठला कण नडणार हे आधी ओळखता येईल का, हा आजचा प्रश्न आहे, शंभर वर्षांपूर्वीचा नाही.

"सिम्युलेशनवर सगळं होतं." इथे मात्र हसूच आलं. अहो, सॉफ्टवेअरमध्ये मटेरियलचे आकडे भरता ते कुठून येतात? कोणीतरी नमुना यूटीएममध्ये (ताकद मोजायच्या मशिनमध्ये) धरून ओढलेला असतो. टर्ब्युलन्स मॉडेलमधले स्थिरांकही विंड टनेलसारख्या ठिकाणच्या मोजमापांवरूनच बसवलेत. थ्रीडी प्रिंट केलेल्या धातूचं तर विचारूच नका, तोच मिश्रधातू आडवा छापला की एक ताकद, उभा छापला की दुसरी, आणि आतली भोकं मोजल्याशिवाय कळत नाहीत.

बाकी मेसेजच्या शेवटी "एआय घ्या" असा सल्ला आहे. जरूर घ्या. फक्त तो एआय चालवणारी एकेक मोठी चिप ७०० वॅट किंवा त्याहूनही जास्त उष्णता टाकते, टपाल तिकिटाएवढ्या जागेतून ती बाहेर कशी काढायची यावर हीट ट्रान्सफरच्या लॅबमध्ये कोणीतरी आत्ता, हे वाचताय तेव्हा, थर्मोकपल (तापमान मोजायच्या तारा) चिकटवत बसलंय.